अर्थ मिळत नाही

पाथर्डी फाट्याच्या पुढे काटा लाल पट्ट्यात गेला
आणि मी हेरल्ड कडेला घेतली, पांडवलेणीच्या पायथ्याशी,
गेले तीन महिने दर रविवारी घेतोय तशी.
कुमुद म्हणाली, "वाफ कुठाय?"

वाफ नव्हती.
या गाडीचं बॉनेट पुढे उलटतं, मडगार्डांसकट,
दातांच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखी ती आ करते.
रेडिएटरवर फडकं ठेवलं, फडक्यावर हात.
तापला होता,
पण रेडिएटरनं तापावं तेवढाच.

चौतीस वर्षं मी ओझरला विमानांचे काटे तपासले.
उंचीचे, वेगाचे, तेलाच्या दाबाचे.
खोटा काटा माझ्या टेबलावरून पुढे गेला नाही.
आणि हा अडुसष्ट सालचा, पेढ्याएवढ्या तबकडीतला,
मला ट्रकांच्या धुरळ्यात उभं करतो,
अंगठे धरायला लावल्यासारखं.

थर्मोस्टॅट बदलला.
द्वारकेजवळ रेडिएटर उकळून घेतला,
चहाच्या चोथ्यासारखा गाळ निघाला,
दोन दिवस बरं वाटलं.
मग सेंडर काढला, पितळेचा, बोराएवढा,
दुधाच्या पातेल्यात दोऱ्यानं सोडला.
शेजारी थर्मामीटर, हातात मल्टिमीटर.
चाळीस, साठ, ऐंशी.
पाणी चढेल तसे ओहम उतरत गेले,
पाढे पाठ असलेल्या पोरासारखे, न अडखळता.
सेंडर खरं बोलत होता.
कुमुदनं ते पातेलं तीनदा घासलं
आणि शेवटी भंगारात दिलं.

दुर्लक्ष करावं म्हटलं, तर तेही जमेना.
खोटं बोलणाऱ्याची हीच तर पीडा,
एखाद्या दिवशी तो खरं बोलेल की काय
ही धास्ती.

भद्रकालीच्या मागे दस्तगीरची टपरी.
अँबेसेडर गेल्या, फियाटी गेल्या,
आता तो रिक्षांचे हॉर्न दुरुस्त करतो.
बॉनेटकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.
"पेट्रोलचा काटा काय म्हणतो?"
फुल्ल.
"आणि भरलं कधी?"
मी गप्प.
कुमुद मागून म्हणाली, "दिवाळीत."

पेठेतल्या रहाडी उघडून मिटल्याही होत्या,
दस्तगीरच्या कानामागे अजून गुलाबी होतं.

चौतीस वर्षं.
एक काटा वाईट बातमी देत होता
म्हणून त्याची उलटतपासणी घेत बसलो.
शेजारचा गोड बोलत होता,
त्याला विचारलंच नाही.

तो डॅशबोर्डखाली उताणा शिरला,
चपला बाहेर, रस्त्यावर.
आतून आवाज आला,
"दोघांना करंट देणारी डबी एकच, साहेब.
बारा व्होल्ट घेते, दहा देते.
डबी चांगली आहे.
अर्थ मिळत नाही तिला."

हा शब्द मी कामावर रोज वापरला,
रोज, तारेच्या टोकापुरता.

एक स्क्रू. गंजलेला.
त्यानं पॉलिश पेपरनं पत्रा घासला, चमकेपर्यंत,
आणि स्क्रू पुन्हा आवळला.
मी चावी फिरवली.
जुने काटे घाई करत नाहीत.
तापमानाचा उठला, मध्यावर आला,
आणि तिथंच बसला, शहाण्यासारखा.
पेट्रोलचा जरासा हलला,
आणि रिकाम्याच्या रेघेला टेकून राहिला.

"चाळीस द्या," दस्तगीर म्हणाला,
आणि शंभरातले साठ मोजून परत केले.

पंपापर्यंत पोचू की नाही, सांगता येत नव्हतं.
मी हळू चालवत होतो, सिग्नलला इंजिन बंद करत.
कुमुदच्या मांडीवर पाण्याची बाटली,
इंजिनासाठी भरलेली, तीन महिने सोबत फिरलेली.
तिनं झाकण उघडलं, एक घोट घेतला,
तोंड वाकडं केलं,
"डिकीची चव लागतेय,"
आणि बाटली माझ्यापुढे धरली.